रांगेतला बहिरा

माझ्या चुलतभावाला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

टाकव्याच्या यात्रेत लेझमीच्या पहिल्या रांगेत मी मिसरूड फुटल्यापासून उभा राहिलो. पुढे कारखान्यात प्रेसच्या दणक्यानं डावा कान गेला, तरी जागा सोडली नाही. रांगेच्या डाव्या टोकाला उभा राहायचो, म्हणजे चांगला कान शेजाऱ्याकडे. हलगीचा ठोका पडला की आपली लेझीम शेजाऱ्याच्या लेझमीत मिसळून गेली पाहिजे. दोन आवाज निघाले तर कुणीतरी चुकलं. बाकीचं तळव्यांना कळतं. सगळ्यांचे पाय एकदम पडले की जमीनच सांगते.

गेल्या वर्षी हा चुलतभाऊ यात्रेच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि डीजे ठरवून आला. मला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला निम्मं ऐकू येत न्हाई. तू कडंला बस. रांग बिघडायला नको."

हा स्वतः जन्मात कधी तालात नाचलेला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. यानं अंगणातून मलाच काढलं.

बसलो देवळाच्या पारावर. अंगाची आग होत होती. शहाण्यानं हलगीवाल्याला माइक लावून डीजेच्या टेम्पोवर चढवलं होतं, आणि टेम्पो सगळ्या रांगांच्या मागं. गाणं आणि हलगी एकाच भोंग्यातून आदळायला लागली. हलगीवाल्याला खालचे पाय दिसेनात, पोरांना स्वतःची लेझीम ऐकू येईना. जो तो शेजाऱ्याचे हात बघून हलायला लागला. बघून नाचणारा कायम उशिराच पोचतो. मागची रांग वाकली तरी पुढची ताठ उभी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पण चपलांत माझे पाय हलत होते. त्या बिघडलेल्या रांगेतसुद्धा मला जायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

तेवढ्यात तो घामाघूम होऊन आला. माझ्या उजव्या कानाशी वाकून ओरडला, "चल, पुढं हो. तुझं बघून तरी पोरं ताल धरतील."

"भाऊ, निम्मंच ऐकू आलं," मी म्हणालो.

तो पुन्हा बोलायला लागला. मी डावा कान त्याच्याकडे केला आणि पाय जमिनीवर दाबून धरले.