चपला पाह्यल्या का?

पडद्यावर सरपंचाचं नाव एकेक अक्षर करून उमटत होतं आणि तिकडं पाण्याच्या टाकीत माणूस होता. मला फक्त ‘ऑफ’ लिहायचं होतं. फोन लिहू देईना.

मी इचोड्याजवळच्या एका गावात पंचायतीचा पंप चालवतो. शाळा चौथीपर्यंत. आधी मोटार लावायला टाकीवर जावं लागे. मग पंचायतीनं फोनवरून सोय केली. फोनात टर्मिनल नावाचं अ‍ॅप आहे. नुसता काळा पडदा. चित्र नाही, बटण नाही. हुकूम लिहून द्यायचा. ‘ऑन’ लिहिलं की तीन किलोमीटरवर मोटार सुरू.

अ‍ॅप उघडलं की आधी एक निरोप येतो. अ‍ॅपवाल्यांचा होता तो इंग्रजीत, आठ-दहा ओळींचा. मला काय कळते? पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतात त्या सुनीता मॅडमला म्हणलं, हे काढा.

त्या म्हणाल्या, “मामा, ही साधी फाईल असते. आपल्याला पाहिजे ते लिहिता येते. काय लिहू?”

“लिवा, चपला पाह्यल्या का?”

हे माझ्या बायकोचं बोलणं. टाकी पिण्याच्या पाण्याची. धुवायला आत उतरणारा चपला शिडीखाली काढतो. चपला दिसल्या की आत माणूस आहे, मोटार लावायची नाही. कौसल्या रोज माझ्यासंगं यायची आणि मी स्टार्टरला हात लावायच्या आधी हेच विचारायची. ती गेली त्याला दोन उन्हाळे झाले.

तो निरोप वाचला की मी टाकीजवळच्या किराणा दुकानात फोन करायचो. “चपला हायेत का, पाय जरा.” नाही म्हणले की ‘ऑन’.

मग सरपंच आले. “काका, साहेब लोक पाह्यला येऊन राह्यले आन् तुमी चपला काय लिवता? माझं नाव टाका. एकेक अक्षर आलं पाह्यजे, सिनेमावानी.”

मी हो म्हणलं. तिथं चुकलो. मॅडमनं नाव टाकलं, पद टाकलं, स्वागत टाकलं, भोवती चांदण्यांची चौकट. साहेब पाहून गेले. निरोप तसाच राहिला.

दोन-तीन दिवस आठवणीनं दुकानात फोन केला. त्या सकाळी घरात जीव लागत नव्हता. चहा ठेवला, उतू गेला. बसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. कौसल्या गेल्यापासून असंच होते. काहीतरी करायचं म्हणून अ‍ॅप उघडलं, चांदण्या संपल्या, ‘ऑन’ लिहिलं. अ‍ॅप बॅटरी खाते म्हणून बंद करून टाकलं. दुकानात फोन केला नाही.

टाकी सोमवारी धुतात. धुणाऱ्या पोशन्नाला सासुरवाडीला लग्नाला जायचं होतं, तो रविवारीच उतरला. मला कोणी सांगितलं नाही. त्याची बायको लच्छमी डबा घेऊन आली, तिनं आतली धार ऐकली आणि मला फोन लावला.

“ओ दादा! मोटर बंद करो! वो अंदर है!”

अ‍ॅप उघडलं. पहिली चांदणी. दुसरी चांदणी. फोनात लच्छमी ओरडून राह्यली, इकडं ‘माननीय’मधला ‘मा’ आला. मी पडद्यावर बोट आपटत होतो. पूर्ण निरोप झाल्याशिवाय ते हुकूम घेतच नाही. चार इंची धार, खाली शेवाळ. माणूस घसरला की डोकं फुटते.

‘ऑफ’ लिहिलं आणि सायकल काढली.

पोशन्ना शिडीखाली बसला होता. ओलाचिंब, गुडघा फुटलेला. मला पाहून म्हणाला, “दादा, टाकी धोने बोले थे, मेरे को काय को धोया?”

मला हसू आलं नाही. त्याच्या चपला तिथंच होत्या, शेजारी-शेजारी.

दुसऱ्या दिवशी मॅडमला म्हणलं, फाईल कशी उघडते ते मला शिकवा. एका बोटानं सगळं पुसलं. अर्धा तास लागला.

सरपंच म्हणाले, “काका, माझं नाव काऊन काढलं?”

“तुमचं नाव येईस्तोवर पोशन्ना मेला असता.”

“मग खाली टाका ना, शेवटी.”

“तुमी टाकीत उतरा, मग टाकतो.”

ते गेले.

एवढं कळलं की जिथून काम सुरू होते तिथं सत्कार ठेवू नये. आता एकच ओळ आहे. फोन असला तरी मी शिडीखाली जाऊनच अ‍ॅप उघडतो. ते विचारते, चपला पाह्यल्या का? त्याला उत्तर लागत नाही. मी मोठ्यानं देतो.

“पाह्यल्या.”