वाडगाभर रक्त

दोन हजार सातच्या हिवाळ्यात दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि मी युनिव्हर्सिटीत सुंदर कन्यांवर प्रबंध लिहीत होते. मध्ययुगीन कथांमधल्या कन्या. सोनेरी केस, दुधासारखी कांती, मुठीत मावणारी कंबर. कवी कपाळापासून निघतो तो पार पावलांपर्यंत पोचतो, पण एवढ्या प्रवासात तिला एक प्रश्न म्हणून विचारत नाही.

त्यातली एक कथा तर मला डोळ्यांसमोर नको झाली होती. गढीचा धनी आजारी आहे, आणि सुंदर कुमारिकेचं वाडगाभर रक्तच त्याला वाचवू शकेल. वाटेने जाणारी एक मुलगी आणतात. ती रक्त देते, तो उठून बसतो, ती मरते. मग तिच्या फिकट गालांवर आणखी वीस ओळी. त्या कवीच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची मला.

लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या घरात आईची किंवा बाबांची किडनी चालणार नव्हती. माझी जुळली. ते कळलं त्या दिवशी आई आधी देवापुढे रडली आणि मग किचनमध्ये. किचनमधलं रडणं माझ्या लग्नासाठी होतं. घरातली देखणी मुलगी मी, साय आणि डाळीचं पीठ चोळून वाढवलेली. रीडिंग गावातला एक आयटीतला मुलगा मला बघायला यायचा होता.

"अहो, कमरेवर एवढा मोठा स्कार," ती बाबांना म्हणाली. "साडी नेसली की दिसणारच ना. रीडिंगच्या लोकांना काय एक्सप्लेन करायचं?"

"ते नंतर बघू गं. आधी ऑपरेशन होऊ दे."

मी तिथेच टेबलाशी चहा पीत बसले होते. आईला इकडे आड तिकडे विहीर, तिच्यावर तरी किती चिडणार? आतल्या खोलीत दादा सुजलेले पाय उशीवर ठेवून पडला होता. त्याच्यासाठी मी दोन्ही दिल्या असत्या. पण विचारा ना मला कोणीतरी!

ऑपरेशनआधी हॉस्पिटलमध्ये एका बाईंशी मला एकटीने बोलावं लागलं. कायदाच तसा होता; त्यांच्या होकाराशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं. घरचे जबरदस्ती करतायत का, असं त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग त्यांनी तुम्हाला कसं विचारलं?"

"विचारलंच नाही," मी तणतणत म्हणाले.

त्यांनी फाइल मिटली. "मग आपण सध्या थांबू या," असं म्हणाल्या. दादाला थांबायला वेळ कुठे होता? माझ्या रागापायी माझा भाऊ जाणार होता. मी त्यांचा हात घट्ट धरला. घ्या हो, प्लीज, कुठेही कापा, तो मरेल, असं काहीबाही बोलत वेड्यासारखी रडत सुटले.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. "भावाचं राहू दे क्षणभर. तुम्हाला द्यायची आहे का?"

मी इतक्या जोरात "हो" म्हणून ओरडले की बाहेर बसलेली आई धावत दारात आली.