वळणावरचं वानर आणि आमची दूधगाडी

आमच्या दूध शीतकरण केंद्रातली जुनी मंडळी एकत्र बसली की पहिली पाच मिनिटं शुगर, गुडघे आणि मुलांच्या नोकऱ्या होतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते वानर..." आणि सगळ्यांचा चहा गार होतो! दर बैठकीला एखादा किस्सा वाढतोच. त्यातले निम्मे खोटे आहेत हे मी खात्रीनं सांगतो, कारण दोन-तीन मीच घातलेत. पण आज सांगतोय ते माझ्या डोळ्यांदेखतचे.

केंद्र शिरूरहून दौंडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावऱ्याच्या पुढं. मी तिथं टेस्टर. दुधाची फॅट काढायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे काम. साल दोन हजारच्या आसपासचं.

*

संपत आमच्या दूधगाडीचा ड्रायव्हर. अकरा वर्षं संध्याकाळची फेरी केली, एकदाही दूध उशिरा आणलं नाही. थांबा जवळ आला की तो लांब हॉर्न द्यायचा, मग लोक कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला यायचे. वडगाव रासाई सोडलं की एक वळण होतं. दोन्ही बाजूंना ऊस, जवळ ना घर ना गोठा. पण आंधळं वळण म्हणून संपत तिथंही हॉर्न द्यायचा, आणि हाताला सवय लागलेली, म्हणून तोही लांबच.

एप्रिलमध्ये एके दिवशी, नुकताच अंधार पडलेला, त्यानं असा हॉर्न दिला आणि उसातून वानर बाहेर आलं. माणसापेक्षा हातभर उंच, अंगभर केस, हात गुडघ्यापर्यंत. धावून वगैरे आलं नाही. दूध घालायला आलेला माणूस उभा राहतो तसं कडेला उभं राहिलं. संपतनं दुसऱ्या बाजूनं उडी टाकली आणि एका चपलेवर सात किलोमीटर पळत केंद्र गाठलं. आम्ही ट्रॅक्टर काढून तिथं पोचलो तर गाडीचं इंजिन चालू, दिवे चालू, आणि उकाड्यानं अडतीसच्या अडतीस कॅन नासलेल्या.

*

आमचे चेअरमन आप्पा. तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी सगळ्यांसमोर संपतला जवळ बोलावलं आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. संपत असा माणूस, की डेअरीत राहून चहासुद्धा प्यायचा नाही!

वास आला नाही तरी आप्पा म्हणाले, "आठ दिवसांत वानर दाखव. न्हाईतर गाडीची चावी ठेव आन् घरी जा."

तोवर गाडी बदली माणसाकडं दिली आणि संपतला कॅन धुवायला लावलं. अकरा वर्षांच्या ड्रायव्हरला! मला आप्पांचा भयंकर राग आला होता. तरी मी गप्प बसलो, त्याची अजून लाज वाटते.

*

संपतची झोप उडाली आणि बाकी तालुक्याची चंगळ झाली. निमोण्यात म्हणे वानरानं मोटारसायकलचा पाठलाग केला. आमची माणसं म्हणायची ते नदीपलीकडचं, दौंडचं. दौंडची माणसं छातीठोकपणे सांगायची की असली जनावरं शिरूरकडंच निपजतात.

एक शेतकरी दूध घेऊन आला. लॅक्टोमीटर टाकला तर सरळ पाणी घातलेलं. मी विचारलं तर म्हणाला, वानर दिसलं म्हणून घाबरून पाटातून पळालो, तेव्हा पाणी गेलं आत.

"पण कॅनला झाकण होतं ना?"

"झाकण त्यानंच काढलं की!"

त्या आठवड्यात वानरानं एकूण नऊ जणांची झाकणं काढली.

*

आमचा कॉम्प्रेसर ऑपरेटर रामदुलार गोरखपूरकडचा. त्याला भीती नव्हती, भक्ती होती. हे साक्षात बजरंगबली, तुम्ही लोक उगाच घाबरता, असं तो रोज सांगायचा. एका संध्याकाळी दोन डझन केळी आणि उदबत्ती घेऊन वळणावर गेला. संपतला वाटलं, चला, एक तरी साक्षीदार मिळेल.

तासाभरानं रामदुलार हात हलवत परत आला. केळी कुठं गेली, असं आम्ही एकदम विचारलं.

"डर के मारे मैं ही खा गया," तो म्हणाला. पुढचे दोन दिवस कॉम्प्रेसर मीच बघितला.

*

सहाव्या दिवशी संपत आणि मी स्वतः ट्रॅक्टर घेऊन गेलो. वळणावर हेडलाइट पडला आणि बांधाला काळं, केसाळ काहीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर घोंगडं पांघरलेले एक म्हातारे मेंढपाळ समोर काठी आपटत होते. दोन दिवसांत चौथ्यांदा लोक तोंडावर बॅटरी मारून किंचाळले होते, माणसानं निवांत बसायचं तरी कुठं, असं त्यांचं म्हणणं.

संपतनं हात जोडून विचारलं, "मामा, तुम्ही बघितलंय का हो त्याला?"

"बघितलंय की. दूधगाडीचा भोंगा वाजला की बाहेर येतंय. गाडी थांबली न्हाई की तोंड पाडून माघारी जातंय."

संपतच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मेंढरं दुसऱ्या दिवशी पुढं गेली आणि मामाही गेले. साक्षीला राहिलो मी, आणि आप्पा म्हणाले की टेस्टर तर संपतचा दोस्तच.

*

आठव्या दिवशी आप्पांनी टेबलावरची चावी उचलली आणि आजची फेरी मीच करतो म्हणाले. जुने ड्रायव्हरच ते. संपत फाटकापर्यंत मागे गेला. "आप्पा, वळणावर हॉर्न देऊ नका," एवढंच म्हणाला. आप्पा हसले आणि फाटकातच एक लांब हॉर्न देऊन निघून गेले.

गाडी वेळेवर आली, पण बैलगाडीच्या वेगानं. आप्पा खाली उतरले आणि पोत्यांच्या थप्पीवर बसले.

आम्ही कॅन उतरवल्या. आमचा नियम साधा: भरलेली कॅन घ्यायची आणि तिच्या बदल्यात धुतलेली रिकामी द्यायची. आप्पांनी अडतीस रिकाम्या नेल्या होत्या. भरलेल्या उतरल्या एकोणचाळीस!

एकोणचाळिसावी कॅन पोचे पडलेली, तिच्यावर गावाचा लाल नंबर नाही. मी कुणाची म्हणून विचारलं. आप्पांनी नुसतं फॅटच्या मशीनकडं बोट दाखवलं. मग मी फॅट काढली. म्हशीच्या दुधाला आठ लागली तरी आम्ही पेढे मागतो. हिला अकरा लागली. पुन्हा काढली, पुन्हा अकरा.

आप्पा तांब्याभर पाणी प्याले, त्यांनी खिशातून चावी काढली आणि सगळ्यांसमोर संपतच्या हातात ठेवली.

"उद्यापासून गाडी तूच न्यायची," ते म्हणाले. दारापर्यंत गेले, थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "आन् संपत, माझ्याकडनं गडबडीत त्याची रिकामी द्यायची राहिली. उद्या पहिली ती दे."