दांड्याचं वजन

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, ट्रेलर ओढतात. पुढे पिकअप, मागे दोन चाकांचा उघडा ट्रेलर आणि त्यावर लोकांचं जे काही जड असेल ते. कपाटं, जनरेटर, एकदा तर दुकानाचं अख्खं लोखंडी शटर. मी पट्टे आवळायला असतो. गिऱ्हाइकांचे फोन ताई घेते, आणि लांबचं भाडं असलं की मधल्या सीटवर येऊन बसते. बाजारात भाऊजींना गोगलगाय म्हणतात, तेही तोंडावर. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, "गोगलगाय उलटल्याचं ऐकलंय का कधी?"

माल चढला, पट्टे आवळले, तरी ते लगेच हुक अडकवू देत नाहीत. ट्रेलरचा पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून टेकूवरून जरासा उचलून बघतात. दांडा सहज वर आला तर वजन चाकांच्या मागे गेलंय, आणि असा ट्रेलर उतारावर शेपूट हलवणार. जागचा हललाच नाही तर वजन फार पुढे आलंय, पिकअपचं बूड दबणार. दांड्याने कुरकुरत उठावं, हे त्यांचं शास्त्र. मी एकदा वजनकाटा आणू म्हटलं, तर ताईसाठी दुसरं स्थळ आणलंय असं माझ्याकडे बघितलं.

मध्यंतरी ते शिडीवरून पडले आणि उजवा खांदा गेला. बरेच दिवस हात गळ्यात होता. मग एका सकाळी झोळी काढून फेकली आणि खांदा ठणठणीत झाल्याचं जाहीर केलं. मला काही ते पटलं नव्हतं. कप डाव्या हातात, कंगवा डाव्या हातात, गाडीचं दार ओढताना ओठ आवळलेले. पण बोलणार कोण? दांडा उचलता येत नाही म्हणजे धंदा संपला, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास नाही. माझ्या तर नाहीच नाही.

त्या दिवशी एका वर्कशॉपचं सामान टेकडीपलीकडच्या नव्या शेडमध्ये न्यायचं होतं. एक ड्रिलिंग मशीन, एक टेबल आणि सुट्या भागांनी भरलेल्या लोखंडी पेट्या. वर्कशॉपवाला म्हणाला, "पेट्या शेवटी चढवा, तिकडे आधी त्याच लागणार आहेत." त्याची सोय झाली आणि पेट्या ट्रेलरच्या पार टोकाला गेल्या. मला ते खटकलं, पण दांडा सांगेलच की, म्हणून मी गप्प बसलो. भाऊजींनी दांडा उचलला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. "बरोबर आहे. लाव हुक," म्हणाले.

भाडं लांबचं, म्हणून ताईही मधल्या सीटवर होती. टेकडी चढेपर्यंत सगळं ठीक होतं. उतार लागला आणि मागून कुणीतरी गाडी कोपराने ढकलतंय असं वाटलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आरशात बघितलं तर ट्रेलर झोके घेत होता आणि समोरून दुधाचा टँकर वर येत होता. मी ओरडलो, "ब्रेक मारा!"

"गप बस," भाऊजी म्हणाले.

त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. गियर आधीच खालचा होता. ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, बास. टँकर हॉर्न बडवत चिकटून गेला. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. हळूहळू वेग पडला, झोके लहान झाले, थांबले. गोगलगाय नसते तर आम्ही खालच्या झाडीत असतो.

उतार संपल्यावर सपाट जागा बघून त्यांनी गाडी उभी केली. मी चाकांना ठोकळे लावले, दांड्याखाली टेकू दिला, हुक सोडवला. भाऊजी दांड्यापाशी येऊन उभे राहिले. हात पुढे केले आणि मागे घेतले.

"अगं, तू उचल," ते ताईला म्हणाले.

मी अजून गाडीत झोपून स्वप्न तर बघत नाही ना, अशी मला शंका आली. ताईने पदर खोचला, वाकली आणि दांडा वर केला. पाण्याची बादली उचलावी तसा आला.

"मला तर जड लागला होता," भाऊजी म्हणाले. कुणाशी बोलत होते कोण जाणे.

माझा राग कुठे गेला कळलं नाही, त्यांच्याकडे बघवेना. मी पट्टे सोडले. पेट्या एकेक करून मशीनच्या पुढे नेऊन ठेवल्या. भाऊजी डाव्या हाताने मदत करायला आले, तेव्हा त्यांना बाजूला बसवलं आणि ते चक्क बसले. पट्टे पुन्हा आवळून झाल्यावर ते उठले.

"आता बघ."

ताईने पाय रोवले आणि दोन्ही हात घातले. दांडा जेमतेम हलला, जरासा उठला आणि तिने तो परत टेकूवर ठेवला.

"कसा आहे?"

"जड आहे."

"जड म्हणजे किती? नीट सांग."

ताईने हात झटकले. "रोज सकाळी तुम्हाला धरून उठवून बसवते ना, तेवढा."

भाऊजींनी चोरून माझ्याकडे बघितलं. मी ठोकळ्यांकडे बघत होतो.

"कुरकुरत उठला का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याइतका नाही."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "लाव रे हुक."