खारवलेला नमुना

माझ्या पोरीच्या पोटात एकपण जंतू नाय, असा कागद माझ्याजवळ हाय. टाईप केलेला, खाली सही! असा कागद आमच्या पेण तालुक्यात दुसऱ्या कोणाकडं नसेल. डॉक्टरबाई तर म्हणाल्या, पेण राहू द्या, जगात कोणाकडं नसेल.

आता हसू येतं. तेव्हा हसण्याची शुद्ध कुठं होती? सातवी नापास बाई मी (गणितात गेले, बाकी सगळ्यात पास होते!), पहिलंच पोर, पिंकी दहा महिन्यांची, आणि तीन आठवडे तिचे जुलाब थांबत नव्हते. दिवसाला नऊ वेळा, दहा वेळा. एक औषध झालं, दुसरं झालं. सासूनं दृष्ट काढली, शेजारणीनं परत काढली, पिंकीच्या बाबांनी मिठागरावरनं येऊन तिसऱ्यांदा काढली, कारण त्यांना माहीतच नव्हतं दोनदा झालीय ते! पोरीचे गाल आत गेले. डोळेच तेवढे मोठे राहिले. मी रात्री तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास येतो का बघायला. ती झोपमोड झाली म्हणून रडायची, मग मला बरं वाटायचं.

मग आमच्या गावात येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "रोह्याला मुंबईच्या एक डॉक्टरबाई आल्यात. लहान पोरांच्या पोटात कुठले जंतू असतात त्याच्यावर त्यांचं संशोधन चाललंय. शीचा नमुना घेऊन जा. जंतू सापडला की त्याच्यावरचं नेमकं औषध देता येतं."

मी म्हटलं, "नर्सबाई, ते घेऊन जायचं? एसटीतनं?"

"मग काय पालखीतनं नेतेस?" त्यांनी माझ्या हातात लाल झाकणाची छोटी बाटली दिली. "सकाळची ताजी पाहिजे. बर्फात ठेव. आणि ऐक, काय वाट्टेल ते झालं तरी नमुना खराब होता कामा नये!"

ते 'खराब होता कामा नये' माझ्या डोक्यात जे बसलं, ते बसलंच. पुढचं सगळं त्याच्यापायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकीला घेऊन बसले. आणि बघा आता! तीन आठवडे जिनं आम्हाला चादर वाळवायला उसंत दिली नाय, ती पोर त्या दिवशी करेचना! सासू समोर उकिडवी बसली. "कर गो बाय, कर. तुझ्यासाठी डॉक्टरीण थांबलीय." पिंकी हसली. शेजारीण आली, तीपण बसली. पिंकीचे बाबा दारात उभे राहून विचारत होते, "झाली काय? टेम्पो चालला!" शेवटी टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला, पोर दचकली, आणि काम झालं. सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या, जशी पोर दहावीला पहिली आली!

पेणला उतरले. बाजारातल्या मासळीवाल्या काकूंनी बर्फ दिला, तो कडीच्या डब्यात भरला, मधे बाटली. एका काखेत पोर, एका हातात डबा, आणि खांद्याला मिठाची पिशवी. (माझं माहेर वरसे, रोह्याला लागूनच. आणि मिठागरवाल्यांची सून माहेरी मिठाशिवाय गेली तर आई दारातच विचारते, "भांडून आलीस काय?")

एसटीत शेजारी एक मावशी. नाकात नथ, तोंडात पान, आणि गाडी सुटायच्या आधीच प्रश्न.

"डब्यात काय गो? बर्फ दिसतोय."

आता काय सांगू? लाजून माझे कान तापले. म्हटलं, "मासळी."

"कुठली?"

"जिताडा." तोंडातनं निघून गेलं. खोटं बोलायचंच होतं तर बोंबील बोलायचं ना! बोंबलाला कोण विचारतं? पण आमच्या खाडीचा जिताडा म्हटल्यावर पुढचा माणूस वळला, मागचा उठून उभा राहिला.

"एवढ्याशा डब्यात जिताडा?" मावशी म्हणाली.

"तुकडे हायत."

"बघू!"

"नको नको, बर्फ जाईल!" मी डबा असा छातीशी धरला, आणि पोर मांडीवर सरकली.

बर्फ गेलाच. गडब गावाच्या पुढं गाडीचं काहीतरी मोडलं. कंडक्टर म्हणाला, "दुसरी गाडी येईल." कधी ते नाय बोलला. मे महिना, डोक्यावर ऊन, सगळे उतरून एका चिंचेखाली. एक तास गेला. डबा हलवला तर आत खळखळ! झाकण जरा उचलून बघितलं, बर्फाचं पाणी झालेलं आणि बाटली त्यात पोहतेय. नमुना खराब होणार. मग जंतू सापडणार नाय, औषध मिळणार नाय, आणि माझी पोर... मी रडायलाच लागले.

मावशी धावत आली. "काय झालं गो?"

"मावशी, बर्फ वितळला! आता हे खराब होणार!"

"एवढंच ना? त्याला रडतेस? मिठागरवाल्यांची सून म्हणालीस ना तू? खांद्याला मीठ, आणि जिताडा खराब होतो म्हणून रडतेस? चोळ की मीठ!"

मी रडायची थांबले. खरंच की! आमच्याकडं मासळी टिकवायची, मीठ. लोणचं टिकवायचं, मीठ. आंब्याच्या फोडी, मीठ. मिठानं खराब झालेली गोष्ट मी जन्मात बघितली नव्हती. देवानंच ही बाई पाठवली! मी चिंचेच्या पाठीमागं गेले, बाटली उघडली, आणि बसेल तेवढं मीठ भरलं. झाकण लावून चांगली हलवली.

"लावलंस?" मावशीनं विचारलं.

"लावलं."

"आतनंपण?"

"आतनंपण!"

"आता आठ दिवस बघू नको," मावशी म्हणाली.

रोह्याला डॉक्टरबाईंच्या हातात बाटली दिली तेव्हा माझी मान ताठ होती, काय सांगू! बाई बारीकशा, जाड चष्म्याच्या, बोलणं एकदम मऊ. त्यांच्या खोलीत काचेच्या छोट्या छोट्या बशा, बशांत घट्ट खिरीसारखं काहीतरी. म्हणाल्या, "या बशीत तुमच्या बाळाचे जंतू वाढवायचे. परवा या. तोपर्यंत ओआरएसच्या पुडीचं पाणी पाजत रहा आणि अंगावर पाजणं थांबवू नका."

जंतू वाढवायचे! आम्ही मारायला आलो, आणि ही बाई त्यांना खीर खाऊ घालते!

दोन दिवस माहेरी राहिले. पिंकी अजून सुकली. आई चमच्यानं पाणी पाजायची, मी बाजूला बसून देवाला काय काय कबूल करायची ते आता आठवतपण नाय (देवानं लिहून ठेवलं असेल तर पंचाईत हाय).

तिसऱ्या दिवशी गेले, तर डॉक्टरबाई कपाळाला हात लावून बसलेल्या. समोर माझ्या पोरीची बशी. कोरी! बाजूला तो टाईप केलेला कागद.

"एकही जंतू उगवला नाही," त्या म्हणाल्या.

"चांगलं झालं ना बाई!"

"चांगलं? अहो, प्रत्येकाच्या पोटात करोडो जंतू असतात. चांगले असतात, अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. ते नसतील तर माणूस..."

इतके दिवस मी घाबरत होते पोरीच्या पोटात जंतू हायत म्हणून. आता जंतू नायत म्हणून घाबरले! "बाई, कुठनं मिळत असतील तर आणते! माझ्या पोटातले घ्या!"

"तसं नाही हो. आणखी एक गंमत आहे. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर चौकोनी चौकोनी खडे दिसतात. चकचकीत. मी असं कधी पाहिलं नाही. मला वाटतं हिला आजच मुंबईला न्यावं, मोठ्या डॉक्टरांना दाखवावं, पोटात नळी घालून..."

चौकोनी खडे! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सांगितलं तर बाई हाकलून देणार. नाय सांगितलं तर माझ्या पोरीच्या पोटात नळी. पिंकीनं माझ्या खांद्यावर मान टाकलेली, तिचा हलका हलका श्वास गळ्याला लागत होता.

"बाई," मी म्हटलं, "ते मीठ हाय."

"काय आहे?"

"मीठ. आमच्या घरचंच. स्वच्छ हाय." आणि मग बर्फ, गडब, चिंच, मावशी, जिताडा, सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडणार. तर बाई हसायला लागल्या! टेबलावर डोकं ठेवून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. "खारवलं! नमुना खारवला!" मग डोळे पुसून माझा हात धरला. म्हणाल्या, "चूक तुमची नाही. खराब होऊ देऊ नका एवढंच आम्ही सांगितलं, बर्फ वितळला तर काय करायचं ते नाही सांगितलं. तुम्ही तुमच्या अकलेनं टिकवलं. बघा, काय टिकवलंय!"

कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. मी परत रडले. तेवढ्यात पिंकीनं, जिला घरी चार माणसांनी बसून विनवलं होतं, तिनं न विनवता डॉक्टरबाईंच्या रजिस्टरवर नवा नमुना दिला. ताजा! बर्फाची गरजच नाय!

या वेळी बशी भरली. बाईंनी जंतू शोधला, त्याच्यावर नेमकं कुठलं औषध चालतं तेपण बशीतच करून बघितलं. औषध सुरू झालं, आणि चौथ्या दिवशी माझ्या पोरीनं मऊ भात मागून खाल्ला. त्या चौथ्या दिवसासाठी मी त्या बाईंच्या पाया पडायला गेले, तर त्यांनी पडूच दिलं नाय.

मग पिंकीच्या बाबांनी खाडीतला खराखुरा जिताडा पाठवला. मी डबा पुढं केला तर बाई दोन पावलं मागं. "खरंच जिताडा आहे ना?"

परवा पिंकीला दाखवायला परत गेले. आता ती धावते, बाईंच्या बशा पाडते. बाहेर बाकावर दोन बायका पोरं घेऊन बसलेल्या, समोर भिंतीवर नवीन पाटी, मोठ्या अक्षरांत: 'नमुन्यात मीठ घालू नये.'

एक बाई पाटी वाचून दुसरीला म्हणाली, "अगो, अशी कोण शहाणी असंल?"

"असंल कोणतरी येडी," मी म्हटलं, आणि माहेरी न्यायची मिठाची पिशवी पायानं हळूच बाकाखाली सरकवली.