पंखा काढलेलं विमान

काचबिंदूनं नवऱ्याची गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तळेगावला घरी परतताना तो म्हणाला, "मग आता जेट करूनच टाकू." मला वाटलं, धक्क्यानं बरळतोय.

त्याला रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद. लग्नात तो मला नवऱ्याबरोबर फुकट मिळाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर रशियनांना घाईनं जेट हवं होतं, म्हणून त्यांनी पंख्याच्या लढाऊ विमानाचं नाक कापून तिथं जेटचं इंजिन बसवलं. पंख जुनेच, शेपूटही जुनीच. इंजिनाचा झोत पोटाखालून मागं जायचा आणि शेपटीकडच्या चाकाचं रबर जाळायचा, म्हणून ते चाक लोखंडी केलं. ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं चहाबरोबर ऐकली आहे.

त्या पंख्याच्या विमानाचं मॉडेल आमच्याकडे होतं. डोळे आहेत तोवर त्याचं जेट करायचं आणि ते उडताना बघायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. महिनोन् महिने हॉलमध्ये लाकडाचा भुसा. आमचं जेट बॅटरीवरचं, त्याच्या झोतानं मेणबत्तीसुद्धा वितळली नसती. तरी पठ्ठ्यानं मागं लोखंडी चाक लावलंच.

भात निघालं की आम्ही जवळच्या आंबी गावात ओळखीच्या एका आबांच्या वावरात विमान उडवायचो. नवऱ्याची नजर आक्रसत गेली तशी मी शेजारी उभी राहून दिशा सांगू लागले. विमान समोरून येताना त्याचं डावं-उजवं उलटं होतं. त्यावरून आम्ही इतके भांडलो की शेवटी शब्दच बदलले. डोंगराच्या बाजूला वळवायचं तर 'डोंगर', पलीकडच्या कंपनीच्या शेडकडे तर 'कंपनी'. बाकीचं तो पंख्याच्या घरघरीवरून ओळखायचा.

जेट घेऊन गेलो त्या दिवशी आबांनी विमान उलटंपालटं करून पाहिलं. "ह्याचा पंखा कुटं गेला?"

"काढला आबा. आता हवेच्या झोतावर पळेल, फुगा सुटतो तसं."

"मंग लय जोरात जाईल. दिसंल का तुमाला?"

नवरा हसला. मी हसले नाही.

विमान उडालं. मी ओरडत राहिले, "डोंगर, डोंगर, कंपनी." पण शब्द तोंडातून निघेपर्यंत विमान पुढं गेलेलं असायचं. घरघर नव्हतीच, नुसती शिट्टी, ती चहूकडून आल्यासारखी. तो मान वळवून वळवून आभाळ शोधत होता. मी "डोंगर" म्हणाले, त्यानं वळवलंही, तोवर फार उशीर झाला होता. विमान बांधावर आपटलं.

"पडलं का?" त्यानं विचारलं. आवाज आला होता, पण त्याला खात्री हवी होती.

मी हो म्हटलं. आबा तुकडे गोळा करायला गेले. ते पुन्हा जोडण्यासारखं नव्हतं, आणि पुढच्या भाताच्या वेळी त्याला समोरचा बांधही दिसणार नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला रडू आलं. ते त्याला दिसलं नाही, याचंही वाईट वाटलं.

"मला ते आभाळात सापडलंच नाही," तो म्हणाला. "उडताना कसं दिसत होतं?"

"छान."

"छान म्हणजे कसं?"

मी सगळा वेळ फक्त ते कुठं चाललंय एवढंच पाहिलं होतं.