खालच्या विहिरीचं पाणी

पीएच.डी.साठी मी बदलापूरजवळच्या एका पाड्यावरच्या दोन विहिरींचं पाणी तपासत होते. बहुतेक घरं वरच्या विहिरीचंच पाणी प्यायची. खालचीत शिसं निघालं, म्हणून दर महिन्याला शिरगावच्या माझ्या घरून रिक्षाने जाऊन तिचंच पाणी बाटल्यांत भरून आणायचे. बायका विचारायच्या, "ताई, पानी कसं हाय?" गाईडनी बजावलेलं, पेपर छापून येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. म्हणे घाई नको! मीही शहाणी, "तपासणी चालू आहे" म्हणून सटकायचे.

अखेर पेपर छापून आला, तोही इंग्रजीत. विद्यापीठाने शाल-श्रीफळ दिलं. त्या नारळाचं खोबरं काही माझ्या घशाखाली उतरेना. दुसऱ्याच दिवशी पाडा गाठला.

वरच्या विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. सगळे हंडे खालच्या विहिरीवर.

"वरची का सोडली?" मी जवळजवळ ओरडलेच.

एक म्हातारी हसली. "तू येवढी शिकलेली. दर महिन्याला हिचंच पानी भरून घरी न्यायचीस. मंग आमीबी हिचंच प्यायला लागलो."